नावाआधीची निळी पट्टी

भावना रंगारी हिला पहिल्यांदा डॉक्टर म्हटले गेले तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि वैद्यकशास्त्राचे एकही पुस्तक तिने उघडलेले नव्हते. कामठीच्या तिच्या वस्तीतल्या विहारात निरोपाचा छोटा कार्यक्रम होता. दुसऱ्या दिवशी ती किर्गिझस्तानात, बिश्केकला शिकायला निघणार होती. चुलतभाऊ धम्मदीप वस्तीतल्या मंडळाचा सचिव. तो माइकवर म्हणाला, "आता आपली डॉक्टर भावना दोन शब्द बोलन." टाळ्या पडल्या. ती काय बोलली हे आज कोणालाच आठवत नाही. हाक मात्र त्या दिवसापासून तिच्या नावाला चिकटली.

पुढे जे घडले ते या हाकेमुळेच. त्याविषयी वस्तीत दोन-तीन हकिकती चालतात. इथे जे लिहिले आहे ते स्वतः भावना, तिचे आईवडील, धम्मदीप, डॉ. शरच्चंद्र खोब्रागडे आणि भिवापूरचे एक गृहस्थ यांच्याशी वेगवेगळे बोलून, आणि मोबाइलवर घेतलेले एक चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहून. जिथे सांगणाऱ्यांचे जुळत नाही तिथे तसे नोंदवले आहे.

भावनाचे वडील बळीराम एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, आई इंदूबाई अंगणवाडी सेविका. इथल्या सरकारी महाविद्यालयात जागा थोडक्यात हुकली आणि खासगी महाविद्यालयाची फी ऐकून बळीराम परत घरीच आले. म्हणून बिश्केक. अभ्यासक्रमाच्या मध्यावर कोरोनाची साथ आली, मुले परतली, आणि जो काळ रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकायचा होता तो भावनाने कामठीच्या घरात, शेजारच्या यंत्रमागांच्या खटखटाटात, मोबाइलच्या पडद्यासमोर काढला. साथ ओसरल्यावर ती परत गेली, बुडालेले प्रात्यक्षिक रुग्णालयात भरून काढले, तसा दाखला घेतला आणि पदवी घेऊन आली.

परदेशातली पदवी इथे आणली म्हणजे माणूस डॉक्टर होत नाही. आधी पात्रता परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते आणि निम्मे गुण मिळवावे लागतात. बसणाऱ्यांतले बहुसंख्य नापास होतात. ती पार झाल्यावर कागदपत्रांची पडताळणी, मग राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी, मग एखाद्या रुग्णालयात प्रशिक्षणार्थी म्हणून जागा, आणि ते पूर्ण झाल्यावर कायम नोंदणी. या साऱ्या काळात स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला औषध देणे हा गुन्हा ठरू शकतो. नावाआधी 'डॉ.' लावणेही चालत नाही.

भावना पहिल्यांदा थोडक्यात नापास झाली, दुसऱ्यांदा पुष्कळ गुणांनी. त्यानंतर ती रोज सकाळी शेअर ऑटोने नागपुरातल्या इंदोऱ्याच्या अभ्यासिकेत जाऊ लागली. ऑटोच्या थांब्यावर ओळखीची माणसे तिच्यापुढे रक्ताचे रिपोर्ट धरत. ती ते वाचत नसे. "अजून नाही," एवढेच म्हणे आणि दवाखान्याचा रस्ता दाखवी. हे इतक्यांदा झाले की वस्तीतल्या पोरांनी तिचे नाव 'अजून-नाही ताई' ठेवले. तिच्या या कडकपणाला कारण होते. तिच्याच महाविद्यालयातल्या, तिच्या पुढच्या तुकडीतल्या एकाने परीक्षा न देताच दुसऱ्या एका जिल्ह्यात दवाखाना थाटला होता. त्याच्यावर पोलिसांत गुन्हा दाखल झाला, आणि नंतर तो परीक्षा पास झाला तरी त्याची नोंदणी अडकून पडली ती पडलीच. त्याचा फोन नंबर भावनाकडे होता. तो तिला अधूनमधून एकच गोष्ट सांगे: "नावाची घाई करू नको."

तिसऱ्या वेळी ती पास झाली.

सप्टेंबरात तिने तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज केला. अर्जासोबत तिने एक प्रतिज्ञापत्र दिले होते: मी आजवर नोंदणीशिवाय वैद्यक व्यवसाय केलेला नाही आणि स्वतःला डॉक्टर म्हणवून घेतलेले नाही. अर्ज मुंबईत प्रलंबित होता. प्रशिक्षणार्थींच्या जागांचे वाटप तोंडावर आले होते आणि नोंदणी हातात असलेल्यांनाच त्यात भाग घेता येणार होता. वाटप हुकले की पुढचे येईपर्यंत पुन्हा घरी बसणे. दरवर्षी जागांच्या मानाने रांग लांबत होती, हेही तिला माहीत होते.

अशा वेळी धम्मचक्र प्रवर्तन दिन आला.

त्या दिवसांत दीक्षाभूमीच्या भोवतालचे रस्ते माणसांनी भरून वाहतात. मंडळे, संस्था, कर्मचारी संघटना आपापले मांडव घालतात. कोणी जेवण वाटते, कोणी पुस्तके विकते, कोणी रक्तदाब तपासते. कामठीच्या या मंडळाचा आरोग्य तपासणीचा मांडव बरीच वर्षे लागत आला आहे. तपासायला डॉ. खोब्रागडे असतात. कामठीत त्यांचा जुना दवाखाना आहे, आणि त्यांची नोंदणी भावनाच्या जन्माआधीची आहे. धम्मदीपने भावनाला बोलावले तेव्हा तिने हो म्हटले, पण तीन गोष्टी ठरवून घेतल्या. ती रुग्णांची नावे लिहील, पाणी आणि मीठसाखरेचे पाकीट देईल, आणि तिच्या नावाआधी काही लागणार नाही. धम्मदीप या तिन्हींना हो म्हणाला होता, याविषयी दोघांचेही एकमत आहे.

सकाळी ती मांडवात पोहोचली तेव्हा मागच्या बाजूला भिंतीएवढा फ्लेक्स ताणलेला होता. त्यावर बिश्केकच्या पदवीदानातला तिचा पांढऱ्या कोटातला फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: डॉ. भावना बळीराम रंगारी.

"दादा, हे काय लिहिलं?"

"काय लिहिलं म्हंजे? नाव लिहिलं तुहं."

"नावाच्या आधी काय लिहिलं?"

"पास झाली ना तू? आता डॉक्टर नाही म्हणू तं काय पोस्टमन म्हणू?"

तिने नोंदणीची गोष्ट पुन्हा समजावली. लोकांना नोंदणी वगैरे कळत नाही, असे तो म्हणाला. लोकांना नाही कळत, परिषदेला कळते, असे ती म्हणाली. तेव्हा तो दुखावला. वस्तीतून डॉक्टर झालेली ती पहिली. हा फ्लेक्स त्याने मंडळाच्या वर्गणीतून नव्हे, पदरचे घालून छापून आणला होता.

"बाबासाहेबांच्या डिग्र्या आपण बोर्डावर लिहितो का नाही?"

"त्याइच्या पक्क्या होत्या. माही अजून तपासून राहिले."

फ्लेक्स काढावा तर मांडवाची मागची बाजू उघडी पडत होती आणि ऊन थेट रुग्णांच्या तोंडावर येत होते. शेवटी पताकांसाठी आणलेल्या निळ्या घोटीव कागदाची एक पट्टी कापून धम्मदीपने ती 'डॉ.' वर चिकटवली.  पट्टी तिरकी बसली होती, पण अक्षरे झाकली गेली. भावना टेबलाशी जाऊन नावे लिहू लागली.

दुपारी ऊन तापले. मांडवात झटका आलेले एक मूल आणले गेले. डॉ. खोब्रागडे स्वतः त्याला घेऊन रुग्णवाहिकेपर्यंत निघाले, आणि गर्दीने त्यांना पलीकडेच ठेवून घेतले. मोबाइलला रेंज नव्हती; त्या दिवशी तिथे ती कोणाच्याच मोबाइलला फारशी नसते. टेबलावर रक्तदाबाचे यंत्र, गोळ्यांचा पत्र्याचा डबा आणि पाण्याची घागर होती. टेबलामागे भावना होती.

तेव्हा प्रेमिलाबाईंना आणले. बाई भिवापूरच्या, पन्नाशीच्या आसपास. नातेवाइकांसोबत टेम्पोने आलेल्या. दीर रुपराव यांनी त्यांना दंडाला धरून आणले होते. हेच ते गृहस्थ, ज्यांच्याशी नंतर भिवापुरात बोलणे झाले. आपण तेव्हा काय बोललो ते त्यांनी हातचे न राखता सांगितले.

"गॅस झाला," ते म्हणाले. "सकाळपासून तीन ठिकाणी पुरीभाजी खाल्ली तिनं. सोड्याची गोळी द्या, टेम्पोपर्यंत चालली का उतरते."

टेम्पो बराच लांब, लक्ष्मीनगरच्या बाजूला उभा होता.

भावनाने बाईंकडे पाहिले. त्यांचा एक हात छातीवर नव्हता, जबड्यावर होता. कपाळावरचा घाम उन्हाचा वाटत नव्हता. तो थंड होता, हे तिला पाण्याचा पेला देताना बोटे लागली तेव्हा कळले. तिने नाव विचारले, गाव विचारले, कारण तेवढेच विचारायचे ठरले होते. मग तिने विचारले, दुखते कुठे. डाव्या खांद्यातून खाली मुंग्या येतात, असे बाई म्हणाल्या, आणि जीव घाबरतो. "मनगट धरायचं का नाही, इथंच मी अडली होती," असे भावनाने सांगितले. तिने मनगट धरले.

"काकू, इथं बसा. आता एक पाऊलही चालायचं नाही."

रुपरावांना हे पटले नाही. त्यांनी तिला सरळ विचारले, "तुम्ही डॉक्टर आहा का?"

"नाही."

"मंग आमाले अडवता काहून?" असे म्हणून त्यांनी वहिनीच्या काखेत हात घातला आणि त्यांना उभे केले. बाईही उभ्या राहिल्या. गॅसच असेल, उगा कशाला लोकांना त्रास, असे त्या म्हणत होत्या. त्यांनी दोन पावले टाकली. भावना आडवी आली. ती म्हणाली, की हे हृदयाचे असू शकते, चालवाल तर रस्त्यातच पडतील. रुपराव म्हणाले, की डॉक्टर नाही तर हे कसे कळले. त्यांची नजर मागच्या फ्लेक्सवर गेली. फोटोत हीच मुलगी पांढऱ्या कोटात होती, आणि नावाच्या आधी काहीतरी झाकलेले होते.

"इथं काय लपवलं?"

धम्मदीप खुर्चीवर चढला आणि त्याने पट्टी ओढून काढली.

"घ्या, वाचा. वाचा आता."

रुपरावांनी वाचले. वाचता वाचता त्यांनी वहिनीचा दंड सोडला.

"मंग ही नाही काहून म्हणते?"

"लाजते," धम्मदीप म्हणाला.

भावनाने हे ऐकले. ती काही बोलली नाही. बाईंना तिने खाली, खुर्चीला पाठ टेकवून, गुडघे वर घेऊन बसवले. दोन स्वयंसेवकांना रुग्णवाहिकेकडे आणि डॉक्टरांकडे पिटाळले. मग ती डब्याशी आली. डब्यात ॲस्पिरिन होती. ती हातात घेऊन किती वेळ उभी होती, हे तिला सांगता येत नाही. तिने बाईंना तीन प्रश्न विचारले: पोटात व्रण आहे का, कधी रक्ताची उलटी झाली का, या गोळीने कधी अंगावर गांधी उठल्या का. तिन्हींना नाही म्हटल्यावर तिने गोळी बाईंच्या तळहातावर ठेवली आणि चावून खायला सांगितली.

इथून पुढचे चित्रीकरणात आहे. मंडळातल्या मेघा नावाच्या मुलीने ते घेतले. बाई गोळी चावताना दिसतात, भावना त्यांच्याशी सारखी बोलताना दिसते, समता सैनिक दलाचे स्वयंसेवक हात धरून वाट करतात आणि स्ट्रेचर येते. चित्राच्या वरच्या भागात फ्लेक्सवरचे पूर्ण नाव वाचता येते. धम्मदीपच्या पायाशी निळा कागद पडलेला आहे.

प्रेमिलाबाईंना हृदयविकाराचा झटकाच होता. रुग्णालयात त्यांच्यावर वेळेत उपचार झाले आणि त्या वाचल्या. मेघाने ते चित्रीकरण त्याच दिवशी संध्याकाळी 'आमची डॉक्टर ताई' असे लिहून टाकले. सकाळपर्यंत ते कामठीच्या प्रत्येक गटात फिरले, मग नागपूरच्या, मग कुठल्या कुठे. भावनाने ते काढायला लावले तोवर उशीर झालेला होता. दिवाळीनंतर परिषदेकडून पत्र आले. तक्रार आली होती. पत्रात दोन गोष्टींचा खुलासा मागितला होता: नोंदणी नसताना औषध दिले का, आणि नावापुढे डॉक्टर ही उपाधी लावली का. सोबत तिच्याच प्रतिज्ञापत्राची प्रत होती. नोंदणीचा अर्ज सुनावणी होईपर्यंत थांबवण्यात आला होता.

तक्रार कोणी केली याविषयी वस्तीत एक नाव ठामपणे घेतले जाते. त्याला कसलाही पुरावा नाही, म्हणून ते इथे लिहिलेले नाही.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी विहारात वंदना झाली. पंचशील, त्यातले खोटे न बोलण्याचे 'मुसावादा' शीलही, म्हणून झाले. बाकीची माणसे गेली आणि घरची मंडळी, धम्मदीप आणि डॉ. खोब्रागडे तिथेच बसून राहिले. डॉक्टरांनी आपले म्हणणे मांडले: मुलाला घेऊन निघताना आपणच भावनाला सांगून गेलो होतो, की छातीदुखीचा कोणी आला तर ॲस्पिरिन दे; तसे ते लिहून द्यायला तयार होते. धम्मदीपने एक कागद आधीच तयार करून आणला होता. पट्टी वाऱ्याने निघाली आणि भावनाचे तिकडे लक्ष नव्हते, असे त्यावर त्याने सहीनिशी लिहिले होते.

बळीराम थोडके बोलणारे. ते म्हणाले, "आत्ता 'मुसावादा' म्हणून उठलो गा आपण. चटई तं गुंडाळू द्या."

डॉक्टर हसले, धम्मदीपही हसला. इंदूबाई हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे न पाहता मुलीला विचारले.

"शील मले बी येते वं. पण एक पट्टी वाऱ्यानं उडाली म्हटलं, तं कोणाचं वाईट होते? सांग मले. त्या बाईचं होते? तुहं होते?"

 भावना म्हणाली ते दुसरेच होते: व्हिडिओ नीट पाहा, मागच्या पताका पाहा, एकही हलत नाही. धम्मदीपने मोबाइल काढून पाहिले. तो म्हणाला, की एवढे बारीक कोण पाहते. परंतु त्याने स्वतः ते पुन्हा एकदा पाहिले. चित्रीकरण तपासता हे खरे आहे. त्या दुपारी वारा अजिबात नव्हता. डॉक्टरांना तिने तुम्ही काही लिहून देऊ नका असे सांगितले, कारण ते तिला तसे सांगून गेलेले नव्हते. धम्मदीपचा कागद मात्र तिने परत केला नाही. घडी घालून पिशवीत ठेवला. इंदूबाईंनी ते पाहिले आणि त्या उठून चटई गुंडाळू लागल्या.

सुनावणीला ती वडिलांसोबत विदर्भ एक्स्प्रेसने गेली. कागद पिशवीत होता. तो द्यायचा की नाही हे आपले ठरलेले नव्हते, असे ती सांगते. बळीरामांनी वाटेत विचारले नाही. त्यांना विचारावेसे वाटत होते, पण आपण विचारले तर ती आपल्याकडे पाहून ठरवील, म्हणून विचारले नाही, असे ते म्हणतात.

आत तीन सदस्य होते. मध्यभागी बसलेल्या बाई वयाने सर्वांत मोठ्या होत्या. बळीराम बाहेरच्या बाकावर बसले, म्हणून आतले जे काही आहे ते फक्त भावनाच्या सांगण्यावरून आहे. नंतर आलेल्या आदेशाशी ते जुळते.

पहिला प्रश्न गोळीचा होता. तिने घडले ते सांगितले. त्यांनी विचारले, देण्याआधी काय विचारले. तिने तीन प्रश्न सांगितले. दुसऱ्या सदस्याने विचारले, रक्तदाब का पाहिला नाही. ती म्हणाली, की यंत्र बांधायला घेतले असते तर तेवढ्या वेळात त्या उठून चालू लागल्या असत्या, अशी भीती वाटली. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. मग मधल्या बाई म्हणाल्या, की डॉक्टर पोहोचेपर्यंत केलेली प्रथमोपचाराची मदत हा या तक्रारीतला मुख्य मुद्दा नाही. ज्या प्रश्नाने भावनाची झोप घालवली होती तो इतक्यात संपला. तिला हायसे वाटले नाही. तिच्या लक्षात आले, की तिने सारी तयारी चुकीच्या प्रश्नाची केली होती.

"आता हा बोर्ड," बाई म्हणाल्या. त्यांच्यासमोर चित्रीकरणातला एक फोटो छापून ठेवलेला होता. "तुमच्या खुलाशात लिहिलंय की त्यावर पट्टी लावायला लावली होती. इथे पट्टी दिसत नाही. कशी निघाली?"

पिशवी मांडीवर होती. तिच्या चेनवर तिचे बोट होते.

"माझ्या भावाने काढली."

"तुम्हाला ते दिसलं?"

"हो."

"मग परत का लावली नाही?"

इथे ती थांबली. नातेवाईक गोंधळले होते, वेळ नव्हता, हातात रुग्ण होता, अशी उत्तरे तिच्याजवळ होती आणि त्यातले एकही खोटे नव्हते. त्यांतले कोणतेही दिले असते तर बहुधा चालले असते.

"तेव्हा मला ती निघालेलीच हवी होती," ती म्हणाली. "मी डॉक्टर नाही म्हटलं तर ते त्यांना चालवत नेत होते. बोर्ड वाचला आणि त्यांनी हात सोडला."

"म्हणजे त्या शब्दाचा तुम्ही उपयोग करून घेतला."

"हो."

 तिसरे सदस्य काहीतरी लिहीत होते, त्यांचे लिहिणे थांबले. मग बाईंनी विचारले, ती पेशंट आता कशी आहे. भावना म्हणाली, घरी आहेत, भिवापूरला. आणखी काही सादर करायचे आहे का, असे त्यांनी विचारले. तिने नाही म्हटले.

बाहेर आल्यावर बळीरामांनी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि पाण्याची बाटली पुढे केली. ती म्हणाली, "बाबा, मी सांगितलं." काय सांगितले हे त्यांनी विचारले नाही. परतीच्या गाडीत तिने धम्मदीपचा कागद त्यांच्याकडे दिला. तो आजही बळीरामांच्या कपाटात, एसटीच्या जुन्या कागदांत आहे.

आदेश यायला वेळ लागला. त्यात तिला लेखी ताकीद दिलेली होती. उपाधी झाकण्याचा तिने केलेला प्रयत्न आणि सुनावणीत दिलेली कबुली यांची नोंद घेऊन अर्ज पुढे नेण्यास परवानगी होती. परंतु तोवर प्रशिक्षणार्थींच्या जागांचे वाटप होऊन गेले होते. तिच्यासोबत पास झालेली मुले रुग्णालयांत रुजू झाली. ती पुन्हा घरी बसली, आणि ऑटोच्या थांब्यावर पुन्हा म्हणू लागली, "अजून नाही."

वस्तीत आता ही गोष्ट खऱ्याचा विजय म्हणून सांगितली जाते. तसे म्हणायला फारसा आधार नाही. तिने वारा सांगितला असता तर कदाचित अर्ज लवकर सुटला असता, कदाचित हलत नसलेल्या पताकांवर कोणाची नजर जाऊन कायमचा अडकला असता. यातले काहीही सिद्ध करता येत नाही. इंदूबाईंच्या प्रश्नालाही भावनाने आजवर उत्तर दिलेले नाही. त्याविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, "आई बरोबरच बोलली होती. वाईट कोणाचंच नसतं झालं." आणि थोड्या वेळाने: "पण प्रत्येक पेशंटला हात लावताना मला तो वारा आठवला असता."

हिवाळ्याच्या अखेरीस भिवापूरहून बसने एक पोते आले. त्यात वाळलेल्या लाल मिरच्या होत्या. वर रुपरावांच्या हातचे अक्षर: डॉ. भावना रंगारी, कामठी. पोते दारात ठेवून इंदूबाईंनी मुलीला विचारले, की घ्यायचे की परत पाठवायचे. भावनाने पत्त्याकडे पाहिले, मिरच्यांकडे पाहिले, आणि पोते उचलून आत नेले. त्या वर्षीचे तिखट त्याचेच झाले.

पुढच्या वाटपात तिला जागा मिळाली. तात्पुरता नोंदणी क्रमांक आला त्या दिवशी धम्मदीप घरी आला. फ्लेक्स मंडळाच्या खोलीत गुंडाळून ठेवलेला होता, तो आता लावू का, असे त्याने विचारले. या वेळी त्याने आधी विचारले, ही नोंद त्यानेच करायला लावली. भावना म्हणाली, की हा क्रमांक फक्त शिकण्यापुरता आहे. कायमचा आला की लाव. तो थोडा वेळ बसला, चहा प्याला आणि गेला.

खोलीत तो फ्लेक्स उलगडून पाहता आला. 'डॉ.' वर नवी निळी पट्टी आहे, सरळ बसवलेली, कडा दाबून डिंकाने चिकटवलेली. ती कोणी लावली हे धम्मदीपला विचारावे लागले नाही, त्यानेच सांगितले. काढायची वेळ आली की गरम पाणी लागेल, असे तो म्हणाला, वाऱ्याने निघायची नाही.